आईने दिलेली नावं

दातिवऱ्याच्या आमच्या घरात रेडिओ होता तो आईचा. बोंबील वाळत घालून झाले की ती ओटीवर टेकायची आणि मुंबई केंद्र लावायची. पुढ्यात वैतरणेची खाडी, पल्याड अर्नाळ्याचा किल्ला. वारा पडलेला असला तरच गाणं धड ऐकू यायचं. हिराबाई बडोदेकरांचं नाव माझ्या कानावर पहिल्यांदा पडलं ते तिथे. ‘बाई किती शांत गाते!’ आई म्हणायची. आम्हा दोघी बहिणींना ती एकटीने वाढवत होती, आणि शांतपणा तिच्या वाट्याला फार कमी आला होता.

नोकरीसाठी सफाळ्याहून गाडी धरू लागले तेव्हा हिराबाई कॅसेटमधून सोबतीला आल्या. कॅसेटवर उतरवलेल्या जुन्या तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मिळत. तेवढ्यात त्या राग मांडत, खुलवत आणि कुठेही धाप न लागता थांबत. त्यांच्या किराणा घराण्याचा सुरावरचा जीव मला त्या तीन मिनिटांत कळला. गर्दीत उभ्या उभ्या ऐकतानाही सूर जागेवरून हलल्याचं कधी जाणवलं नाही.

त्यांचं चरित्र मी पुष्कळ उशिरा वाचलं. 1905 साली मिरजेत जन्म. वडील उस्ताद अब्दुल करीम खाँ, आई ताराबाई माने. ताराबाईंनी खाँसाहेबांचं घर सोडलं ते पाच मुलांना घेऊन, आणि त्यांना नवी नावं दिली. अब्दुल रहमानचे सुरेशबाबू झाले, चंपाकलीची हिराबाई, सकीनाची सरस्वती. एवढा मोठा गवई बाप, आणि मुलं वाढली आईच्या हिमतीवर! हे वाचल्यावर आमची ओटीच डोळ्यांपुढे आली.

हिराबाई सुरेशबाबूंकडे आणि अब्दुल वहीद खाँसाहेबांकडे शिकल्या. गाणाऱ्या बाईकडे समाज वाकड्या नजरेने पाहत होता, त्या काळात त्यांनी तिकीट लावून जाहीर मैफली केल्या. हातवारे नाहीत, नखरे नाहीत. ताठ बसून गायच्या. घरंदाज बायका गाणं ऐकायला येऊ लागल्या, यात त्या बसण्याचा वाटा फार मोठा आहे असं मला वाटतं. 1970 साली पद्मभूषण मिळालं, पण माझ्या लेखी त्यांची खरी कमाई त्या बायकाच.

मुंबईतल्या एका मैत्रिणीने रेनाता तेबाल्दी ऐकवली. इटलीच्या ऑपेरातली सोप्रानो, म्हणजे स्त्रियांच्या आवाजातली सगळ्यांत उंच पट्टी. मायक्रोफोनशिवाय अख्खा वाद्यवृंद ओलांडून जाणारा तो आवाज ऐकून मी हबकले. मग कळलं, तिचेही वडील वादक, चेलो वाजवणारे. आईबाप वेगळे झालेले, आणि मुलगी आईने वाढवलेली. तिसऱ्या वर्षी पोलिओ. तीच मुलगी 1946 साली, युद्धात पडझड झालेलं मिलानचं ला स्काला ऑपेरागृह पुन्हा उघडलं तेव्हा, वाद्यवृंद-संचालक तोस्कानिनींच्या हाताखाली गायली.

दोघींच्या गाण्यात काडीचं साम्य नाही. तरी तेबाल्दी ऐकताना मला ताराबाई आठवतात.

हिराबाई आणि सरस्वतीबाई राणे पुढे जुगलबंदी गात. एक बहीण सूर ठेवायची, दुसरी तिथूनच उचलायची. बहीण माहेरी आली की आम्ही तेच लावतो. कुठला आवाज कुणाचा, यावरून अजून वाद घालतो, आणि आई निकाल देते.