मिलावट

एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी अब्बांनी एकदा जेवताना विचारलं, तू विद्यापीठात नेमकं करतेस काय? मी घाईत सांगून टाकलं, "एका पदार्थात दुसरा थोडासा मिसळते."

अब्बांचा घास हातातच राहिला. "मिलावट करने कू विद्यापीठ जाती क्या?"

घरात हशा पिकला. मला मात्र रडू येत होतं. त्याच आठवड्यात माझ्या टिकल्या भट्टीत दुसऱ्यांदा तडकल्या होत्या. प्रबंध द्यायला थोडेच दिवस उरले होते आणि एका शाळेतून नोकरीचा निरोप आला होता. प्रबंध सोडून द्यावा, असं मनात पक्कं होत आलं होतं.

आम्ही चिकलठाण्याचे. अब्बा तिथल्याच एमआयडीसीत हीट ट्रीटमेंटच्या एका वर्कशॉपमध्ये भट्टीवर होते. मी रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला, डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठात जायची. माझ्या वाट्याला बेरियम टायटनेट आलं होतं.

हे पेरोव्स्काइट कुळातलं सिरॅमिक. गुस्ताव रोझ यांनी १८३९ मध्ये उरल पर्वतातलं एक नवं खनिज ओळखलं आणि त्याला लेव्ह पेरोव्स्की या रशियन खनिजप्रेमी अधिकाऱ्याचं नाव दिलं. तशी रचना असलेल्या सगळ्या पदार्थांचं आज तेच नाव आहे. एक चौकोनी खोली डोळ्यांसमोर आणा. आठ कोपऱ्यांत बेरियम, चार भिंती, छत आणि फरशी यांच्या मध्यावर ऑक्सिजन, आणि खोलीच्या मधोमध टायटॅनियम. साधारण १२० अंश सेल्सिअसच्या खाली टायटॅनियम मध्यापासून किंचित सरकतं आणि खोली एका बाजूला जराशी लांबट होते. या सरकण्यामुळेच हा पदार्थ विजेचा भार भरपूर साठवतो. १२० अंशांच्या आसपास ही क्षमता, म्हणजे डायलेक्ट्रिक स्थिरांक, शिगेला पोचतो. मोबाइलमधल्या शेकडो बारीक कॅपॅसिटरांत हेच सिरॅमिक थराथराने असतं. पण मोबाइल काही १२० अंशांवर चालत नाही. म्हणून काही बेरियमच्या जागी स्ट्रॉन्शियम बसवायचं. ते आकाराने लहान, त्यामुळे खोली आक्रसते आणि ते शिखर खाली उतरतं. शंभरातल्या तीस जागा स्ट्रॉन्शियमला दिल्या, तर ते आपल्याकडच्या उन्हाळी दुपारच्या तापमानाजवळ येतं.

हे सगळं मी त्या रात्री अब्बांना सांगितलं. भुकटी तासन्‌तास खलावी लागते आणि खल अकीकचा असतो, हे ऐकून त्यांनी बोटातल्या अंगठीकडे पाहिलं. "बराबर," म्हणाले, "कडक पत्थर है. घिसके माल में नहीं उतरेगा." मग थोडं थांबून म्हणाले, "ये मिलावट कैसी? हम गिअर के दाँत में कार्बन देते, वैसाच हुआ ना."

मी गप्प झाले. खरंच, भेसळ लपवून करतात. आमच्याकडे प्रत्येक कणाचं वजन करावं लागतं, तो कोणाच्या जागी बसला ते सूत्रात लिहावं लागतं आणि खरंच तिथेच बसला का, हे क्ष-किरणांनी तपासावं लागतं.

"मग तडकतात कशाला?" अम्मीने विचारलं.

अब्बांनी एकेक पायरी विचारून घेतली. टिकली दाबताना भुकटी एकत्र राहावी म्हणून मी त्यात डिंकासारखं पॉलिव्हिनाइल अल्कोहोल घालत होते आणि भट्टी एका दमात १३०० अंशांवर नेत होते. अब्बांनी कपाळाला हात लावला. तेलकट माल आम्ही कधी थेट भट्टीत टाकत नाही, म्हणाले. डिंक जळणार, त्याचा धूर होणार. तो बाहेर पडायच्या आधीच तू वरून आच वाढवलीस, तर टिकली फुटणारच. आणि थंड होताना भट्टीचं दार उघडायचं नाही, सकाळपर्यंत हातही लावायचा नाही.

पुढच्या खेपेला मी ६०० अंशांपर्यंत अगदी सावकाश गेले, तिथे दोन तास थांबले, मगच वर चढले. दुसऱ्या दिवशी भट्टी आपोआप निवल्यावर दार उघडलं. आठही टिकल्या शाबूत होत्या. क्ष-किरणांच्या आलेखात, शुद्ध बेरियम टायटनेटमध्ये ४५ अंशांजवळ जोडीने दिसणारी शिखरं स्ट्रॉन्शियम वाढत गेलं तशी जवळ येत एक झाली होती. डायलेक्ट्रिकचं शिखरही हवं तसं खाली आलं होतं. प्रबंध वेळेत गेला. शाळेला मी नाही म्हणून कळवलं.

माझ्या मार्गदर्शकांनी ज्या चुकीला 'बाइंडर बर्नआउट' म्हटलं, ती अब्बांनी जेवणाच्या ताटावर पकडली होती. प्रबंधाच्या आभारात मी त्यांचं नाव घातलं. ते पान त्यांनी वर्कशॉपमध्ये नेऊन दाखवलं, असं नंतर कळलं.

आता अब्बा निवृत्त आहेत. त्यांच्या उशाशी डासांचं मशीन लागलेलं असतं. त्यातली तापणारी चकतीही बेरियम टायटनेटचीच; लँथॅनमसारखं काहीतरी शेकड्यात एकाहूनही कमी घातलेलं. ठरावीक तापमान गाठलं की तिचा रोध एकदम हजारो पटींनी वाढतो, त्यामुळे ती स्वतःच स्वतःला आवरते. वेगळा थर्मोस्टॅट लागत नाही. हे सांगितल्यापासून अब्बा मशीन लावताना रोज विचारतात, "इस में भी तेरी मिलावट है क्या?"

मी हो म्हणते.