थोडासा दाब

आमच्या घरी उन्हाळा आल्याची वर्दी कोकिळा देत नाही. माझ्या लॅपटॉपचा पंखा देतो. नागपूरचा उन्हाळा तो! कूलरला वाळ्याच्या नव्या ताट्या लागतात, माठ कोपऱ्यात येऊन बसतो आणि माझ्या टेबलावरचा सात वर्षांचा लॅपटॉप पिठाच्या गिरणीसारखा घरघरू लागतो. यंदा मे महिन्यात तर त्याने कमालच केली. बाहेर ४५ अंश, आणि आत मी विद्यापीठाच्या एका ऑनलाइन बैठकीला बसलेलो. पंधरा मिनिटांत पंख्याचा आवाज इतका वाढला, की अध्यक्षांनी विचारले, "सर, तुमच्याकडे पाऊस सुरू झाला का हो?" मनगटे भाजू लागली. एखादा शब्द टाइप करावा, तर तो पडद्यावर उमटेपर्यंत चहाचा एक घोट घेऊन होई.

"कांदा चिरून ठेवलाय," आमची सौ. म्हणाली. "त्याच्यावरच टाकू का फोडणी?"

आता नवा लॅपटॉप घेणे आलेच, म्हणून मी मनाशी हिशेब मांडू लागलो. तोच दारातून आवाज आला,

"बाबा, व्होल्टेज थोडं कमी करून बघू का?"

मी चमकून वर पाहिले. त्या वाक्याचा अर्थ मला मुळीच कळला नव्हता. पण मी चमकलो तो वेगळ्याच कारणाने. आमचे चिरंजीव आपण होऊन माझ्याशी एक अख्खे वाक्य बोलले होते, आणि तेही चार महिन्यांनी!

जानेवारीत त्याच्या बारावीच्या सराव परीक्षेचे गुण कळले, त्या संध्याकाळी मी जे काही बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. शेजाऱ्यांनी आपला टीव्ही बारीक केला होता, एवढे सांगितले म्हणजे पुरे. तेव्हापासून चिरंजिवांचे माझ्याशी बोलणे 'हो', 'नाही' आणि 'जेवलो' या तीन शब्दांवर आले होते.

"कर," मी म्हणालो. चौथा शब्द ऐकायला मिळतो आहे, तर लॅपटॉप गेला तरी चालेल, अशा हिशेबाने.

त्याने आधी लॅपटॉप पालथा घालून मागचे झाकण उघडले आणि पंख्यात साचलेली सात वर्षांची धूळ मऊ ब्रशने काढली. मग एक लहानसा प्रोग्रॅम सुरू केला. काम वाढवून पाहिले, तर प्रोसेसरचे तापमान ९७ अंश! शंभराच्या आसपास गेले, की तो स्वतःला वाचवण्यासाठी आपला वेग आपणच कमी करतो. माझे शब्द उशिरा उमटत, ते या कारणाने.

"आता दाब उतरवू," असे म्हणून त्याने माझ्याच मसुद्याच्या कोऱ्या पाठीवर मला गणित समजावून दिले. प्रोसेसरमध्ये कामापोटी जी उष्णता निर्माण होते, ती दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. म्हणजे वेग तोच ठेवून एक व्होल्टचा दाब ०.९ केला, तर उष्णता १०० ची ८१ होते. दाब दहा टक्के कमी, तर ताप एकोणीस टक्के कमी.

"अरे, मग कंपनीने आधीच का नाही कमी ठेवला?"

"कारण प्रत्येक चिप थोडी वेगळी निघते, बाबा. एखादी कमी दाबावर चालते, एखादीला जास्त लागतो. लाखो चिपा बनतात. एकेकीची पारख कोण करत बसणार? म्हणून त्यातली अशक्तातली अशक्त चिपसुद्धा भर उन्हाळ्यात, म्हातारपणी नीट चालावी, इतका दाब सगळ्यांनाच देऊन ठेवतात. आपलीला तेवढा लागतोच असं नाही."

मराठीचा मास्तर मी! व्होल्टेजला आपल्याकडे विद्युतदाब म्हणतात, हे शाळेत पाठ केले होते. पण 'दाब' हा शब्द त्या क्षणी प्रथमच माझ्या कानात शिरला. वर्गावर दाब असावा. घरात वडलांचा दाब पाहिजे. माझे वडील शाळेत हेडमास्तर होते. त्यांच्या चपलांचा आवाज फाटकाशी आला, की आम्हा भावंडांची पुस्तके फटाफट उघडत. पुस्तके उघडत, एवढेच. माझे तर एकदा उलटे उघडले होते, आणि मी अर्धा तास ते तसेच वाचले! दाब होता, ताप होता. काम मात्र तसूभरही पुढे सरकत नव्हते. आणि तोच दाब मी, आपला मुलगा कोणत्या जातीची चिप आहे याची पारख न करता, जसाच्या तसा पुढे चालू ठेवला होता.

चिरंजिवांनी एकदम उडी मारली नाही. आधी ५० मिलिव्होल्ट कमी, अर्धा तास काम करून पाहणे. मग आणखी दहा, पुन्हा पाहणे. संध्याकाळपर्यंत आम्ही शंभरावर आलो. मीही मसुदा लिहीत बसलो होतो. पंखा शांत झाला होता, आणि गंमत म्हणजे लॅपटॉप पूर्वीपेक्षा जलद चालत होता. तापत नाही म्हटल्यावर त्याला मध्येच थांबावे लागत नव्हते. मला हाव सुटली. "अजून उतरव की!" मी म्हणालो.

१२० वर पडदा निळा झाला आणि लॅपटॉप बंद पडला. माझा दीड पानांचा मजकूर त्याबरोबर गेला.

मी ताडकन उठलो. आवाज गळ्यापर्यंत आलाच होता, इतक्यात माझे लक्ष त्याच्याकडे गेले. त्याने हात पटकन मागे घेतले होते, खांदे वर ओढले होते आणि मान खाली घातली होती. पाऊस येण्याआधी माणूस अंग चोरतो, तसे. ही सवय त्याला कुणी लावली, हे विचारायला नको होते.

मी खाली बसलो.

"किती होता?" मी विचारले.

"एकशेवीस."

"मग शंभरावर परत जायचं?"

तो माझ्याकडे जरा वेळ पाहत राहिला. "नव्वद ठेवू," तो म्हणाला. "थोडी सोय हवी."

नव्वदावर तापमान ८४ च्या वर जाईना. आणि त्याच रात्री, सौ. ताट वाढत असताना, तो मान वर न करता म्हणाला, "बाबा, मी दिवाळीनंतर क्लासला गेलोच नाही. बर्डीवर मित्राच्या काकांचं रिपेअरिंगचं दुकान आहे. तिथे जात होतो."

क्लासची फी मी भविष्यनिर्वाह निधीतून काढली होती. माझ्या डोक्यातला पंखा सुरू झाला. मला तो ऐकूही येत होता.

"सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही ओरडला असता."

या वाक्यावर काय बोलणार? ते खरेच होते. तरी मी गप्प बसलो नाही. गप्प बसणे म्हणजे १२० वर जाणे, हे संध्याकाळीच शिकलो होतो. डिसेंबर २०१९ मध्ये युरोपातल्या संशोधकांनी दाखवून दिले होते, की इंटेलच्या काही प्रोसेसरांचा दाब मुद्दाम फार खाली नेला, तर ते हिशेबात चुका करतात आणि त्या चुकांतून गुपिते चोरता येतात. त्यानंतर पुष्कळ लॅपटॉपांत ही सोयच बंद केली गेली. तेव्हा दाब अजिबात नको, असे म्हणण्यातही शहाणपण नाही. मी त्याला एवढेच सांगितले, की फीचे पैसे कष्टाचे होते, आणि खोटे बोललास याचे मला वाईट वाटले. साध्या आवाजात सांगितले. तो रडला. जानेवारीत मी एवढा ओरडलो होतो, तेव्हा रडला नव्हता.

बारावीत तो पास झाला. माझ्या अपेक्षेपेक्षा कमी गुणांनी, त्याच्या अपेक्षेपेक्षा जास्त. आता पॉलिटेक्निकला इलेक्ट्रॉनिक्सच्या थेट दुसऱ्या वर्षाला आहे. जेवताना इतके बोलतो, की सौ.ला 'आधी घास गिळ' असे सांगावे लागते.

माझे मात्र सगळेच काही सुधारलेले नाही. परवाच दिवाळीची आवराआवर चालली असता माझी काही टिपणे रद्दीत गेली आणि माझा आवाज नकळत चढला. तोच आतल्या खोलीतून चिरंजीव म्हणाले,

"बाबा, पंखा वाजतोय!"

मी टेबलाकडे पाहिले. लॅपटॉप बंद होता.