धनुष्याची दोरी आणि साइन

मुरबाडला दहावीत असताना ‘साइन म्हणजे संमुख बाजू भागिले कर्ण’ हे मी घोकले. अर्थ उमगला नाही. गणित आपले नव्हे, असे ठरवून कला शाखेकडे वळलो. अडले होते ते एका शब्दापाशी, हे फार उशिरा कळले.

जुन्या ज्योतिर्विदांनी वर्तुळाच्या कंसाला ‘चाप’, म्हणजे धनुष्य, आणि त्याची टोके जोडणाऱ्या रेषेला ‘ज्या’, म्हणजे दोरी, म्हटले. दोरीचा अर्धा भाग ती अर्धज्या. त्रिज्या हाच कर्ण. चाप ६० अंशांचे असेल, तर दोरी त्रिज्येएवढी भरते. म्हणून ३० अंशांची अर्धज्या त्रिज्येच्या निम्मी. आर्यभटाच्या (इ. स. ४९९) आकड्यांत त्रिज्या ३४३८ आणि ही अर्धज्या १७१९ आहे. पुढे भास्कराचार्यांनी ‘ज्योत्पत्ति’ हे प्रकरणच रचले.

‘ज्या’चे दुसरे नाव ‘जीवा’. अरबीत त्याचे ‘जीब’ झाले. स्वरचिन्हांविना लिहिलेला तो शब्द पुढे ‘जैब’, म्हणजे वस्त्राची घडी, असा वाचला गेला आणि बाराव्या शतकात लॅटिनमध्ये ‘सायनस’ झाला. तोच आपला साइन.

शाळेच्या वाटेवरील कातकरी वस्तीत ताणलेले धनुष्य मी रोज पाहत असे. वर्गात मात्र त्याची दोरी कोणी दाखवली नाही.