हवा कुठनं जातीय?

वेताळ टेकडीवरून खाणीच्या बाजूनं उतरताना सायकल मागून बसायला लागली, तेव्हा आधी मला वाटलं माझंच वजन वाढलंय. दिवाळी होऊन आठवडाच झाला होता, त्यामुळे संशय घ्यायला जागा होती. घरी येऊन काट्यावर उभा राहिलो. 74 किलो, नेहमीचेच. म्हणजे दोष चकल्यांचा नव्हता.

माझी माउंटन बाइक मागेपुढे शॉक असलेली, सेकंडहँड घेतलेली. तिच्या मागच्या शॉकमध्ये लोखंडी स्प्रिंग नाही. एका नळकांड्यात कोंडलेली हवाच स्प्रिंगचं काम करते. जागा जेमतेम चहाच्या पेल्याएवढी, पण दाब 180 पीएसआय. मोटारीच्या टायरमध्ये तीस-पस्तीस असतो, त्यावरून कल्पना यावी.

हवा बरोबर आहे का हे बघायला शॉकच्या दांड्यावर एक रबरी कडं असतं. नेहमीच्या कपड्यांत, बूट-हेल्मेटसह सायकलवर बसायचं, कडं नळकांड्याला टेकवायचं आणि हिसका न देता उतरायचं. कडं सरकून जिथे राहील तितका शॉक आपल्या वजनानं दबला. माझ्या शॉकची पूर्ण चाल 55 मिलिमीटर. त्यातले 16 दबले की माझं जमतं, म्हणजे तीस टक्क्यांच्या आत-बाहेर. त्या दिवशी मोजले तर 24 भरले.

शॉकचा पंप वेगळा असतो. छोटा, बारीक नळीचा, काटा 300 पर्यंत दाखवणारा. तो लावून 180 हवा भरली, पंप काढला. फुस्स आवाज आला. शंका आली म्हणून लगेच परत लावला, तर काटा 168 वर! पुन्हा भरली, पुन्हा काढला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. पुढचे चार दिवस मी सकाळ-संध्याकाळ पंप लावून काट्याकडे बघत होतो आणि दर वेळी दहा-बारा पीएसआय कमीच दिसत होते.

आता सांगायला लाज वाटते, पण त्यातली बरीचशी हवा मीच घालवत होतो. पंप लावला की शॉकमधली हवा आधी पंपाच्या रिकाम्या नळीत शिरते, आणि पेलाभर जागेतली चमचाभर हवा नळीत गेली तरी काटा दहा-बारानं खाली येतो. पंप काढताना जो फुस्स ऐकू येतो तो त्या नळीतल्या हवेचा. व्हॉल्व्हची पिन तोपर्यंत बंद झालेली असते. म्हणजे मी रोज दोनदा हवा तपासत होतो, आणि तपासली म्हणून ती कमी होत होती.

मग ठरवलं, पंपाला हात लावायचा नाही. फक्त कडं बघायचं. एकदा 180 भरून सोडून दिलं. त्या संध्याकाळी 16, दुसऱ्या दिवशी 18, तिसऱ्या दिवशी 21, चौथ्या दिवशी 24. थंडीचाही विचार केला. हवा गार झाली की दाब उतरतो, पण एवढ्या दाबाला दहा अंशांमागे जेमतेम सात पीएसआय. दुपारी भरून पहाटे निघालो तर बारा-चौदाचा फरक पडेल, तेवढ्यानं सायकल अशी बसत नाही. गळती खरी होती.

एका दुकानात फोटो पाठवून विचारलं. उत्तर आलं, “हे जुनं मॉडेल आहे, नवीन शॉकच टाका.” किंमत ऐकून मी फोन ठेवला. एका मित्राचं म्हणणं, सील किट मागवून सगळी सीलं बदलून टाक. दुसरा म्हणाला, पिनच खराब असणार. मी दोन्ही मागवायच्या बेतात होतो. त्याच दिवशी स्कूटरचं पंक्चर काढायला कोपऱ्यावरच्या काकांकडे गेलो, आणि बोलता बोलता विषय निघाला. त्यांनी अशा सायकलचा शॉक कधी उघडलेला नव्हता. ट्यूब पाण्यात फिरवता फिरवता म्हणाले, “साहेब, हवा कुठनं जातीय ते आधी बघा की. मग काय बदलायचं ते बदला.”

घमेलं समोर होतं आणि इतक्या दिवसांत मला ते सुचलं नव्हतं.

घरी दोन बोल्ट काढून शॉक सोडवला, बाहेरून पुसला, 180 हवा भरली आणि बादलीत बुडवला. आधी व्हॉल्व्हचं तोंड वर करून धरलं. काही नाही. पिनची शंका मिटली. मग दांडा जिथे नळकांड्यात शिरतो ती कड वर केली. पहिल्यांदा कडेला अडकलेले चार-दोन बुडबुडे सुटले, ते खोटे. ते बोटानं पुसून टाकले आणि थांबलो. मिनिटभरानं त्याच जागी मोहरीएवढा एक बुडबुडा फुगला, जरा रेंगाळला, सुटला. मागोमाग दुसरा. मग दर सात-आठ सेकंदाला एक, एकाच ठिकाणाहून. बाहेरचं धूळ अडवणारं सील हवा धरत नाही, ते काम त्याच्या आतल्या सीलचं. म्हणजे आतलं सील गेलं होतं.

शॉकवरचा मॉडेल नंबर देऊन किट मागवलं. सव्वादोन हजार रुपये आणि अकरा दिवसांची वाट.

उघडताना एकाच गोष्टीची भीती होती. नळकांड्यात दोन कप्पे असतात, पिस्टनच्या एका बाजूला मुख्य हवा आणि दुसऱ्या बाजूला उलटा दाब देणारी थोडी. व्हॉल्व्हमधून थेट सुटते ती मुख्य कप्प्यातली. म्हणून पिन दाबून हवा सावकाश सोडली, शॉक हातानं दाबून सैल केला, पुन्हा सोडली, असं फुस्स येणं बंद होईपर्यंत. हवा सोडल्यावरही शॉक आखडून राहिला आणि लांब होईना, तर दुसऱ्या कप्प्यात दाब अडकलेला आहे असं समजायचं. तसा शॉक घरी उघडायचाच नाही, नळकांडं उडून तोंडावर येऊ शकतं. तो जाणकाराकडेच न्यायचा. शिवाय दांड्याच्या पोटात तेल आणि नायट्रोजनचा आणखी एक बंद भाग असतो, त्याच्या वाटेला मी गेलोच नाही. माझा शॉक आपणहून पूर्ण लांब झाला, तेव्हा पुढे गेलो.

जुनी ट्यूब गुंडाळून पकड घेतली आणि नळकांडं फिरवलं. थोडं कुरकुरलं, मग सुटलं. आत तेल होतं, पण तेलासारखं दिसत नव्हतं. टेकडीवरच्या मुरुमाची तपकिरी धूळ त्यात कालवून दाट चिखल झाला होता. लाकडी टूथपिकनं सील बाहेर काढलं. लोखंडी काही लावलं असतं तर खाचेला चरा पडला असता. उन्हात धरून बोटावर वाकवलं तेव्हा कडेवर एक चीर दिसली, तांदळाच्या दाण्याच्या निम्मी. बस, एवढीच.

धूळ आत गेली कशी, याचं उत्तर माझ्याकडेच होतं. पावसाळ्यात दर रविवारी चिखलानं माखलेली सायकल मी गाड्या धुतात त्या सेंटरवर नेत होतो. “मागचा शॉक नीट मारा हं,” असं जेटवाल्या पोराला मीच बजावत होतो. त्या पाण्याच्या माऱ्यानं धूळ बाहेरच्या सीलखालून आत ढकलली, आणि पुढचं काम तिनं केलं.

दांड्यावरून नख फिरवलं. कुठे अडकलं नाही. अडकलं असतं तर नवं सीलही महिन्याभरात गेलं असतं. मग एक जुनं काढायचं आणि त्याच जागी नवं बसवायचं, असं एकेक करत गेलो, म्हणजे क्रम चुकत नाही. सीलांना सस्पेन्शनचं ग्रीस, आत चमचाभर तेल, आणि नळकांडं हातानंच आवळलं. हवा एका दमात भरली नाही. 50 भरून दहा वेळा दाबलं, मग 100, मग 150, दर वेळी तसंच, म्हणजे दुसऱ्या कप्प्यातही हवा पोचते. शेवटी 180. पुन्हा बादली. पाच मिनिटं घड्याळ लावून बसलो. एकही बुडबुडा नाही.

दुसऱ्या दिवशी कडं 16 वर. तीन आठवड्यांनी 17 वर. काकांना जुनं सील नेऊन दाखवलं. त्यांनी ते वाकवून चीर बघितली, “एवढंच व्हय?” म्हणाले आणि परत दिलं.

तुमची सायकल मागून बसत असेल तर काहीही मागवायच्या आधी तीन दिवस कडं मोजा, पंप लावू नका. कडं सरकत असेल तर शॉक पाण्यात धरा आणि पहिले बुडबुडे पुसून मिनिटभर थांबा. आणि जेटचं पाणी शॉकवर मारू नका. ओल्या फडक्यानं पुसायला दोन मिनिटं लागतात.