ट्रफल, बटाटा आणि एकादशीचे ताट

१/ रत्नागिरी शहराच्या दक्षिणेस, काजळी नदीच्या मुखापलीकडे भाट्ये गाव आहे. आषाढी एकादशीला तेथील ताटात ओले खोबरे पेरलेली बटाट्याची भाजी असते आणि शेजारी उकडलेले रताळे. हे ताट अनादि काळापासूनचे वाटते. प्रत्यक्षात दोन्ही कंद मूळचे अमेरिकेचे. कोलंबसाच्या १४९२ च्या सफरीपूर्वी भारताला ते ठाऊकही नव्हते.

२/ मग त्यांची नावे आली कोठून? उत्तराची वाट युरोपातील एका बुरशीपासून सुरू होते. ट्रफल ही झाडांच्या मुळांशी, जमिनीखाली वाढणारी सुगंधी आणि महागडी बुरशी. लॅटिनमध्ये ‘टूबर’ म्हणजे गाठ किंवा फुगवटा. या शब्दाच्या बोलीरूपातून फ्रेंच ‘त्रुफ’ आणि इंग्रजी ‘ट्रफल’ घडले. ‘मातीतील गाठ’ या अर्थाच्या लॅटिन शब्दजोडीतून इटालियन ‘तार्तुफो’. चॉकलेटच्या ट्रफलला हे नाव मिळाले ते केवळ रूपसाम्यामुळे.

३/ बटाटा इटलीत पोहोचला, तेव्हा या अनोळखी कंदाला लोकांनी ओळखीचेच नाव दिले: छोटा ट्रफल. वनस्पतिशास्त्रज्ञ क्लुसियस यांच्या संग्रहातील १५८८ च्या बटाट्याच्या चित्रावर ‘ताराटूफ्ली’ अशी नोंद आहे. त्याच नावाचे जर्मनीत ‘कार्टोफेल’ झाले.

४/ कोकणकिनाऱ्यावर निराळेच घडले. कॅरिबियन बेटांवरील ताइनो लोक रताळ्याला ‘बताता’ म्हणत. स्पॅनिश आणि पोर्तुगीजांनी तो शब्द उचलला; पुढे दोन कंदांची गल्लत होऊन तो दुसऱ्यालाही चिकटला आणि पोर्तुगीजांकडून मराठीत ‘बटाटा’ होऊन आला.

५/ आणि रताळे? त्याचे मूळ संस्कृत ‘रक्तालु’, म्हणजे तांबडा कंद. हे जुने नाव येथल्याच कंदाचे होते. ते परदेशी पाहुण्याला मिळाले. गुजरातीत ‘रताळू’ म्हणजे आजही कोनफळच. इटलीने ट्रफलच्या नावाचे जे केले, तेच मराठीने रक्तालूच्या नावाचे केले.

६/ म्हणूनच केवळ नावावरून एखादी वस्तू ‘आपली’ की ‘परकी’ हे ठरवणे फसवे असते. स्पॅनिश राजवटीतील सक्तीची मजुरी, हिंसा आणि साथीचे रोग यांनी ताइनो समाज काही दशकांतच उद्ध्वस्त झाला. त्यांचा शब्द मात्र भाट्याच्या स्वयंपाकघरात एकादशीलाही उच्चारला जातो. फक्त ज्या कंदासाठी तो जन्मला, तो ताटात शेजारी, दुसऱ्याच नावाने वाढलेला असतो.