चीजकेक, खरवस आणि सत्तर अंशांची मर्यादा

वसई-विरार पट्ट्यात केक घरी भाजणे ही नवलाई नाही. गास, भुईगाव, नंदाखाल, आगाशी या गावांतल्या ख्रिस्ती घरांत नाताळच्या तयारीत केकला मानाची जागा असते, आणि विरार-नालासोपाऱ्याच्या गृहसंकुलांतही आता ओटीजी (ओव्हन-टोस्टर-ग्रिल) पोहोचला आहे. दिवाळीच्या फराळासोबत पाहुण्यांपुढे चीजकेक ठेवणारी घरे आता सगळ्याच समाजांत सापडतात. पण रवा-नारळाचा केक डोळे झाकून करणारे सुगरण हातसुद्धा चीजकेकपाशी अडतात. चव साधते, रंग साधतो, आणि थंड होता होता मधोमध तडा जातो. मग कोणी ओव्हनला दोष देते, कोणी टिनला, कोणी देशी चीजला. माझे म्हणणे वेगळे आहे. चीजकेकला तडा जातो तो मुख्यतः एकाच कारणाने: त्याचा गाभा हवा त्यापेक्षा जास्त तापतो. सांगितली जाणारी बाकीची कारणे खरी आहेत, पण ती या मूळ कारणाला हातभार लावणारी आहेत. गाभ्याचे तापमान सांभाळले की साध्या ओटीजीत, साध्या टिनमध्येही गुळगुळीत चीजकेक होतो. ते सांभाळले नाही तर महागडी सामग्रीही वाचवू शकत नाही.

चीजकेकला आकार देतात ती अंड्यातली प्रथिने. अंड्याचा पांढरा भाग साधारण ६२ अंश सेल्सिअसला दाटू लागतो, तर बलक ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान धरतो. मिश्रणात साखर, स्निग्धांश आणि चीजची आंबटाई आली की हे आकडे थोडे इकडेतिकडे सरकतात, तरी व्यवहारात चीजकेकचा गाभा ६५ ते ७० अंशांच्या दरम्यान पोहोचला की काम झालेले असते. या टप्प्यावर प्रथिनांचे जाळे सैलसर विणलेले असते आणि त्याच्या घरांत पाणी व स्निग्धांश निवांत बसलेले असतात. सत्तरच्या पुढे हेच जाळे आवळत जाते, आतले पाणी बाहेर ढकलते आणि स्वतः आक्रसते. कापलेल्या तुकड्यावर हा फरक उघड दिसतो. वेळेवर उतरवलेल्या चीजकेकची कापलेली बाजू लोण्यासारखी एकसंध असते आणि सुरीला दाट साय लागते. जास्त तापलेल्याची बाजू रवाळ दिसते, तिच्यावर पाण्याचे बारीक थेंब जमतात आणि बिस्किटांचा तळ ओलसर होतो. तडा वरून दिसतो, पण बिघाड आतपर्यंत झालेला असतो.

तडा मधोमधच का जातो, याचेही उत्तर तापमानातच आहे. टिनची कड आधी तापते, तिथले मिश्रण आधी धरते आणि पत्र्याला घट्ट चिकटते. गाभा अजून पातळ असतो. कड ८० अंशांच्या पुढे गेली की फुगू लागते, मग फुगवटा आत सरकतो. थंड होताना सगळे मिश्रण आक्रसते, पण कड पत्र्याला धरून बसलेली असल्याने ती आत येऊ शकत नाही. ताण मधल्या पृष्ठभागावर येतो. तिथली साय कोरड्या उष्णतेने आधीच वाळून ठिसूळ झालेली असते, म्हणून ती फाटते. यात हवा भर घालते. फेटताना मिश्रणात अडकलेला बुडबुडा ३० अंशांना जेवढा असतो, तो ७० अंशांना, त्याच्यात जमणारी पाण्याची वाफ धरून, सुमारे दीडपट जागा मागतो. ८५ अंशांना तोच अडीचपटीहून मोठा होऊ पाहतो. वायूंच्या साध्या नियमांवरून हा हिशेब कोणालाही करता येईल. म्हणजे हवा वाईटच, पण ती घातक ठरते ती तापमान हाताबाहेर गेल्यावर.

केकमध्ये मुरलेला हात इथे का चुकतो, हे यावरून कळते. केकसाठी आपण लोणी-साखर फुलेपर्यंत फेटतो, ओव्हन १८० अंशांना तापवतो, टोचलेली काडी कोरडी निघेपर्यंत थांबतो आणि केक लगेच बाहेर काढून जाळीवर निववतो. मैद्याच्या केकला यातली प्रत्येक सवय योग्य आहे आणि चीजकेकला प्रत्येक सवय मारक आहे. काडी कोरडी निघते तोवर चीजकेकचा गाभा सत्तरच्या बराच पुढे गेलेला असतो. त्याची खरी जातकुळी आपल्या खरवसाची आहे. खरवसात अंडे नसते, तिथे चिकातली प्रथिने उष्णतेने धरतात, पण तत्त्व तेच. चिकात दूध, साखर किंवा गूळ आणि वेलची-जायफळ घालून डबा कुकरमध्ये शिट्टी काढून वाफवतात. आच मंद ठेवतात, झाकणाचे पाणी डब्यात पडू देत नाहीत, आणि डबा हलवल्यावर मध्ये किंचित थरथर असतानाच गॅस बंद करतात. जास्त वेळ ठेवला तर खरवसाला जाळी पडते आणि पाणी सुटते, हे घरातल्या जाणत्यांना ठाऊक असते. चीजकेक करणाऱ्याने केकची नाही, ही खरवसाची शिस्त उचलावी.

आता कृतीकडे. सुरुवात मिश्रणापासून. थंड क्रीम चीजच्या गुठळ्या मोडायला बीटर जास्त वेळ चालवावा लागतो आणि तेवढी हवा आत जाते, म्हणून चीज आधी मऊ व्हायला हवे. परदेशी पाककृतीत त्यासाठी तास-दोन तास बाहेर ठेवायला सांगतात, पण तिथल्या खोलीचे तापमान २० अंशांच्या आसपास असते. वसईत दिवाळीच्या दिवसांत दुपारी स्वयंपाकघर सहज ३० अंशांवर असते. इथे चीजचे तुकडे करून अर्धा तास बाहेर ठेवले तरी पुरते, त्याहून जास्त ठेवण्यात दुधाचा पदार्थ बिघडण्याचा धोका आहे. चीज आणि साखर आधी एकजीव करावी, मग साय किंवा क्रीम आणि चमचाभर कॉर्नफ्लोअर घालावे. अंडी शेवटी, एकेक करून, बीटर सर्वांत कमी वेगावर ठेवून किंवा हाताच्या विस्कने, फक्त मिसळतील इतकीच घोळावीत. अंड्याचा फेस होता कामा नये. मिश्रण चाळणीतून गाळावे, पंधरा-वीस मिनिटे स्थिर ठेवावे, टिन ओट्यावर दोन-तीनदा हलकेच आपटावा आणि वर आलेले बुडबुडे काडीने फोडावेत. कॉर्नफ्लोअरचे कण अंड्याच्या प्रथिनांना एकमेकांना करकचून आवळू देत नाहीत, त्यामुळे चुकीला थोडी सवलत मिळते. टिनच्या कडांना आतून लोणी लावावे किंवा बटर पेपरची पट्टी लावावी, म्हणजे आक्रसताना मिश्रण सुटून आत येऊ शकते.

पाण्यात टिन ठेवून भाजण्याचे कारणही तापमानच. ओव्हन १५० अंशांवर असला तरी उघड्या ट्रेमधले पाणी सतत बाष्प होऊन उडत असते, म्हणून ते साधारण ८० ते ८५ अंशांच्या आसपास राहते. त्याने कडेचे मिश्रण सावकाश तापते, गाभा आणि कड यांच्यातले अंतर कमी होते आणि ओव्हनमधली हवा दमट राहून वरची साय वाळत नाही. पाणी आधीच गरम केलेले असावे आणि टिनच्या अर्ध्या उंचीपर्यंत यावे. सुटणाऱ्या बुडाच्या टिनला फॉइल कितीही गुंडाळले तरी पाणी शिरण्याची भीती राहते. त्यावर सोपा उपाय म्हणजे तो टिन जरा मोठ्या, अखंड बुडाच्या टिनमध्ये ठेवून मग पाण्यात उतरवणे. लहान ओटीजीत पाण्याचा ट्रे मावत नाही, ही अडचण खरी आहे. अशा वेळी टिन खालच्या कप्प्यात ठेवावा, सळ्यांची थेट आच टाळण्यासाठी वरची सळी बंद ठेवावी, तापमान १२० ते १३० अंशांवर आणावे आणि जास्त वेळ द्यावा. घरगुती ओटीजीची तापमानाची चकती फार विश्वासाची नसते, म्हणून ओव्हनमध्ये ठेवायचा छोटा तापमापक घ्यावा. आतल्या पंख्यावर चालणाऱ्या कन्व्हेक्शन मायक्रोवेव्हमध्ये वाहती हवा पृष्ठभाग वाळवते, तिथे टिनवर फॉइलचे सैल झाकण हवे.

सर्वांत महत्त्वाचा क्षण ओव्हन बंद करण्याचा. २० सेंटिमीटरच्या टिनमध्ये कडेपासून दोन बोटांपर्यंतचा भाग धरलेला आणि मधला भाग टिन हलवल्यावर एकसंध थरथरत असला पाहिजे. पाण्यासारखी लाट उठत असेल तर वेळ आहे, अजिबात हलत नसेल तर उशीर झाला आहे. अन्नाचा तापमापक असेल तर त्याची सळई मध्यभागी खुपसून ६५ ते ६७ अंशांवर ओव्हन बंद करावा, कारण कडेची उष्णता आत सरकत राहून गाभा नंतरही दोन-तीन अंश चढतो. सळईचे छोटे छिद्र दिसले तरी चालते. मग ओव्हनचे दार लाकडी चमचा अडकवून किंचित उघडे ठेवावे आणि तासभर हात लावू नये. त्यानंतर पातळ सुरी कडेने फिरवून मिश्रण पत्र्यापासून सोडवावे. इथे आपल्याकडची एक सवय आवरायला हवी, ती म्हणजे गरम पदार्थ पंख्याखाली ठेवण्याची. वाऱ्याने वरचा थर झपाट्याने थंड होतो, आतला गरमच राहतो, आणि त्या ओढाताणीत तडा जातो. पूर्ण निवल्यावर झाकून फ्रीजमध्ये रात्रभर ठेवावा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत थंड चीजकेक बाहेर काढताच त्यावर दव जमते, म्हणून तो वाढण्याच्या वेळीच काढावा.

यावर काही आक्षेप येतील, आणि ते विचारात घेण्याजोगे आहेत. पहिला असा की तडा गेला तर बिघडले काय, वर स्ट्रॉबेरी किंवा आंब्याचा रस पसरला की झाकून जातो. झाकून जातो हे खरे, पण रवाळपणा झाकत नाही, आणि खाणाऱ्याच्या जिभेला तोच लागतो. क्वचित नुसत्या धक्क्यानेही तडा जातो आणि आतला पोत उत्तम असतो, तेव्हा खुशाल फळे पसरावीत. दुसरा आक्षेप सुरक्षिततेचा: ६५ अंशांना अंडे कच्चे राहणार नाही का? जंतू मरण्यात तापमानाइतकाच वेळही मोलाचा असतो. सावकाश भाजलेल्या आणि ओव्हनमध्येच निवलेल्या चीजकेकचा गाभा बराच वेळ ६० अंशांच्या वर राहतो. तरी घरात लहान मूल, गर्भवती किंवा आजारी माणूस असेल तर गाभा ७१ अंशांपर्यंत जाऊ द्यावा आणि बारीक भेगेची पर्वा करू नये. तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार आहे. स्पेनमधल्या सान सेबास्तियान शहरातल्या ‘ला विन्या’ या ठिकाणी सान्तियागो रिवेरा यांनी १९९० च्या सुमारास रूढ केलेला जळक्या सायीचा चीजकेक २०० अंशांहून अधिक तापमानाला, पाण्याशिवाय भाजतात, तरी तो मऊसूत असतो. मग मंद आचेचा आग्रह कशाला? पण तो प्रखर आचेत थोडाच वेळ राहतो. वरची साय करपते, ती करपणे तिथे अपेक्षितच असते, आणि गाभा जवळजवळ वाहता असतानाच तो बाहेर निघतो. ओव्हनचा आकडा बदलला, गाभ्याचा नाही. हे उदाहरण माझ्या म्हणण्याला बळच देते.

चौथा प्रश्न आपल्या घरांचा खास आहे: क्रीम चीज महाग, चक्का घरचा, मग चक्का का वापरू नये? वापरावा, पण फरक समजून. अमेरिकी मानकानुसार क्रीम चीजमध्ये किमान ३३ टक्के स्निग्धांश आणि जास्तीत जास्त ५५ टक्के पाणी असते. चक्क्यात पाणी सत्तर टक्क्यांच्या आसपास, स्निग्धांश साधारण दहा टक्के आणि प्रथिने मात्र क्रीम चीजपेक्षा जास्त. प्रथिने जास्त आणि स्निग्धांश कमी म्हणजे जाळे लवकर आवळणार, पाणी लवकर सुटणार. म्हणून तबेल्यातले सायीचे म्हशीचे दूध घेऊन दही लावावे, चक्का रात्रभर फ्रीजमध्ये टांगून चांगला निथळावा, त्यात ताजी साय किंवा क्रीम घालावे आणि कॉर्नफ्लोअर थोडे वाढवावे. दिवाळीत अंडे न चालणाऱ्या घरांसाठी चक्का, कंडेन्स्ड मिल्क आणि क्रीम यांचा बिनअंड्याचा चीजकेकही उत्तम होतो. बंगालची वाफवलेली भापा दोई याच तत्त्वावर उभी आहे. बिनअंड्याच्या चीजकेकला अंड्याचा सत्तरचा आकडा लागू होत नाही, कारण पकड दुधाच्या प्रथिनांची आणि कॉर्नफ्लोअरमधल्या स्टार्चची असते आणि तिला जरा जास्त उष्णता लागते. शिस्त मात्र तीच: मंद आच, मध्ये थरथर असताना थांबणे, सावकाश निवणे आणि फ्रीजमध्ये पुरेसा वेळ.

या सगळ्यातून पाककृती लिहिणाऱ्यांकडे माझी एक मागणी आहे. आपण ‘१६० अंशांवर ६० मिनिटे’ असे लिहितो, पण प्रत्येक ओटीजी वेगळा, टिनची उंची वेगळी, चीजचे तापमान वेगळे. ती ६० मिनिटे एका घरात कमी पडतात आणि दुसऱ्या घरात चीजकेक बिघडवतात. मिनिटे अंदाजाला द्यावीत, पण त्यांच्याबरोबर गाभ्याचे तापमान आणि तो कसा हलला पाहिजे याचे नेमके वर्णन द्यावे. अन्नाचा साधा तापमापक नव्या टिनपेक्षा आणि परदेशी चीजपेक्षा जास्त उपयोगी पडतो, कारण तो चुकीचे कारण त्याच क्षणी दाखवतो. खरवस करणाऱ्या हातांना थरथर ओळखता येते. त्या ओळखीला तापमापकाची जोड दिली, तर गुळगुळीत चीजकेक नशिबावर सोडण्याची गरज उरणार नाही.