बेडेकरांचे देणे

विश्राम बेडेकरांना मी कधी भेटले नाही, त्यांचे भाषणही कधी ऐकले नाही. तरीही माझ्या आयुष्यात ज्यांचे देणे फिटणार नाही अशा माणसांत आई-वडिलांनंतर मी त्यांचे नाव घेते. हे देणे एका कादंबरीचे आहे, आणि त्यांनी लिहिलीही एकच: 'रणांगण', 1939 साली.

नाशिकरोडला प्रेसमध्ये नोकरी म्हटले की बाहेरगावच्या माणसाला नोटाच आठवतात. नोटांची प्रेस वेगळी. आमचे भारत प्रतिभूती मुद्रणालय तिच्याही आधीचे, 1925 सालचे. टपाल तिकिटे, मुद्रांक आणि साऱ्या देशाचे पासपोर्ट इथेच छापले जातात. मी होते पासपोर्टच्या तपासणीला. कोरी पुस्तिका हातात घ्यायची, पाने बघायची, क्रमांक बघायचा, पुढची घ्यायची. त्यात ना कुणाचा फोटो, ना नाव. संध्याकाळी गेटवर झडती देऊन बाहेर पडले की दिवसभर काय केले, हे घरी सांगण्यासारखे काही नसायचे.

आमच्या विभागात एक वडीलधारे सहकारी होते. सगळे त्यांना काका म्हणत. सार्वजनिक वाचनालयाचे, म्हणजे आपल्या 'सावाना'चे ते जुने सभासद. एकदा बसमध्ये त्यांनी पिशवीतून एक बारीकसे पुस्तक काढून माझ्या हातात दिले. म्हणाले, "बाई, प्रेमकथा आहे. पण आपल्या कामाची आहे. आठ दिवसांत परत करायचंय."

प्रेमकथा आणि आपल्या कामाची, हे कोडे मला त्याच रात्री उलगडले.

महायुद्ध तोंडावर आले आहे आणि युरोपातून एक बोट मुंबईकडे निघाली आहे. बोटीवर चक्रधर विध्वंस हा मराठी तरुण आहे. मागच्या एका प्रेमाने तो पोळलेला, बाईमाणसावरचा विश्वास उडालेला. त्याच बोटीवर जर्मनीतून हाकललेली ज्यू माणसे आहेत, आणि त्यांच्यात हॅर्टा. जमिनीवर घर नाही, पुढे ठाव नाही, अशा त्या थोड्या दिवसांत दोघे एकमेकांचे होतात. मुंबई जवळ येऊ लागते तशी आपल्याला धास्ती वाटू लागते, कारण मुंबई हे चक्रधरचे घर आहे आणि हॅर्टाला तिथे उतरता येत नाही.

तोवर मी वाचलेल्या प्रेमकथांत आड यायचे ते वडील, जात, पैसा, नाहीतर गैरसमज. त्यावर उपाय असायचा. कथानक कसे रचावे, वाचकाला कुठे चकवावे, हे ना. सी. फडक्यांनी 1931 साली 'प्रतिभासाधन' लिहून मराठीला शिकवले होते, आणि त्या चकव्यांचा आनंद मीही भरपूर घेतला आहे. बेडेकरांची कलाटणी त्या जातीची नाही. इथे दोन माणसांच्या मध्ये उभा राहतो तो कागद. मुंबईनंतर काय घडते ते मी इथे लिहिणार नाही. एवढेच सांगते, की दुसऱ्या दिवशी कामावर पहिली कोरी पुस्तिका उचलताना माझे हात थांबले.

पुढे त्या काळाबद्दल मिळेल ते वाचत गेले. ऑक्टोबर 1938 पासून जर्मनीने ज्यूंच्या पासपोर्टवर लाल 'जे' अक्षर मारायला सुरुवात केली. 1939 उजाडताच ज्यांचे नाव सरकारी यादीतले 'ज्यू' नाव नसेल, त्या बायकांच्या नावापुढे 'सारा' आणि पुरुषांच्या नावापुढे 'इस्राएल' जोडण्याची सक्ती झाली. व्हिसा न मागणारे ठिकाण जवळजवळ एकच उरले होते, ते शांघाय. अठरा हजारांच्या आसपास माणसे तिथे पोहोचली, त्यांतली कितीतरी आपल्या मुंबई बंदरावरून पुढे गेली. देवळालीला गोरे सोजीर मायदेशी नेणाऱ्या बोटीची वाट पाहत महिनोन् महिने पडून असत, हे आम्ही लहानपणापासून ऐकलेले. त्यांच्या बोटीच्या दुसऱ्या टोकाला घर तरी होते.

बेडेकर मूळचे नाटक-सिनेमाचे. जन्म 1906, अमरावतीचा. चित्रपटाचे शिक्षण घ्यायला ते इंग्लंडला गेले आणि युद्धाच्या तोंडावर बोटीनेच परतले. तो प्रवास घडला नसता तर ही कादंबरी झाली नसती. त्यांची पत्नी म्हणजे मालतीबाई, पूर्वाश्रमीच्या बाळूताई खरे. 1933 साली 'कळ्यांचे निःश्वास' आले तेव्हा ही विभावरी शिरूरकर कोण, म्हणून महाराष्ट्र पेटला होता. ती ह्याच. खरे बोलता यावे म्हणून स्वतःहून दुसरे नाव घेतलेली बाई ज्या घरात होती, त्याच घरात, जगात बायकांवर नावे लादली जात असताना, हॅर्टा लिहिली गेली. हा योग मला फार मोठा वाटतो.

त्यानंतर बेडेकर सिनेमा आणि नाटकांत रमले. 'टिळक आणि आगरकर' त्यांचेच. दुसरी कादंबरी मात्र नाही. लोक याची हळहळ करतात. मला ती पटत नाही. जे सांगायचे ते सांगून झाल्यावर थांबणारा लेखक मला जास्त मोठा वाटतो. पुढे 1984 साली 'एक झाड आणि दोन पक्षी' हे आत्मचरित्र आले, त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. 1998 साली बेडेकर गेले.

माझ्या परीने थोडी परतफेड केली. 'रणांगण'ची स्वतःची प्रत घेतली आणि विभागात नवीन लागलेल्या प्रत्येक मुलामुलीला ती वाचायला दिली. एका मुलाने पुस्तक परत देताना विचारले, "मॅडम, आपण तपासलेला पासपोर्ट असता तर तिला उतरू दिलं असतं ना?" मी हो म्हटले. आमच्या हातून जाणारी पुस्तिका कुणाला तरी बोटीवरून उतरू देते, एवढे कळल्यावर ते काम मी निवृत्तीपर्यंत कधी हलके मानले नाही. माझ्या मुलीचा पहिला पासपोर्ट आला तेव्हा त्याच्याबरोबर तीच प्रत मी तिला दिली.

'रणांगण' लहान आहे, एका बैठकीत संपते. पासपोर्ट घरी आला असेल तर विमानात बसण्याआधी ते जरूर वाचा.